आत्याच्या मयताला फाटकी चटई (टोंगन लोकांबद्दल)

पडवीतला बाक

लोकहो, दक्षिण ऑकलंडात मांगेरेला राहायला आलो त्याला आता अकरा वर्षं झाली. आमच्या डावीकडचं घर टोंगन कुटुंबाचं, म्हणजे पॅसिफिकातल्या टोंगा या बेटांच्या देशातलं. घराचा कर्ता पन्नाशीचा, सहा फुटांच्या वर, विमानतळावर सामान चढवणाऱ्या तुकडीचा मुकादम. फोनवर कुणाला झापायला लागला की कुंपणापलीकडे आमचा कुत्रा गप खाली बसतो. रविवारी चर्चला निघताना कमरेला लुंगीसारखा तुपेनू, त्यावर बारीक विणीची चटई गुंडाळलेली आणि वर टाय. हो, चटईच. तिला ताओवाला म्हणतात. चारचौघांत उघड्या कमरेने जाणं त्यांना बोडक्याने देवळात जाण्यासारखं वाटतं.

गेल्या जूनमध्ये त्याची आत्या वारली. रात्रभर भजनाला बसावं तसे चर्चचे गट आळीपाळीने येऊन गात होते, चार-चार सुरांत, पेटी-तबला काही नाही, नुसते गळे. शेजारधर्म म्हणून आम्हीही दुसऱ्या दिवशी गेलो. हा गडी कुठे दिसेना. शेवटी मागच्या गॅरेजमध्ये सापडला. काखेपर्यंत येणारी, कडा पार उसवलेली, जुनी खरबरीत चटई अंगाला गुंडाळून पाटावर बसलेला, पुढ्यात अरवीसारख्या कंदांचा ढीग, आणि सोलतोय. तुकडीचा मुकादम! आत हॉलमध्ये पायसुद्धा टाकत नव्हता.

आणि आत शवपेटीच्या उशाशी कोण बसलेलं? एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी. लोक तिच्यापुढे ठेवणीतल्या चटया आणि सालीच्या कापडाच्या गुंडाळ्या आणून टाकत होते आणि ती मान हलवून घेत होती. मधूनच मोबाइल बघत होती.

मी त्याला विचारलं, हे काय? तो कंद सोलत म्हणाला, "आज मी कोणीच नाही."

दोन महिन्यांनी त्याचा मामा गेला. हॉल तोच. या वेळी हा पुढच्या रांगेत, अंगावर नाजूक, वापरून मऊ झालेली चटई, लोक याला वाढतायत. येताना सालीच्या कापडाची एक भली मोठी गुंडाळी घेऊन आला. त्या कापडाला न्गातू म्हणतात.

माणूस एकच. मग दोन मयतांत एवढा फरक का? थोडं विचारून, थोडं वाचून मला जे कळलं ते असं: तुमचा दर्जा तुमचा नसतोच, तो समोर कोण आहे यावर ठरतो. आईच्या माहेरच्यांपुढे तुम्ही वर, बापाकडच्यांपुढे खाली. आत्या म्हणजे सगळ्यात वर. म्हणून आत्याच्या मयताला फाटकी चटई आणि चूल, मामाच्या मयताला पहिली रांग. ती मुलगी गेलेल्या बाईंच्या आत्याची पणती होती. म्हणजे वरच्यांच्याही वरची. तिला त्या दिवशी फाहू म्हणतात.

जाणकारांनी भर घालावी. इतिहास मला फारसा माहीत नाही.

टवाळ टोळ

आमच्याकडे आत्याला लग्नात मान आणि पैठणी द्यावी लागते, एवढ्यात भागतं. देव पावला म्हणायचं.

ओसरीवरची

फार आवडलं. हसण्यावारी नेऊ नका, आत्या आपल्याकडेही काही कमी नाही. बारशाला पाळण्यात कुर्रर्र कोण करतं? टोंगनांतही मुलाचं नाव ठेवायचा हक्क बापाच्या बहिणीचा. मेहेकितांगा म्हणतात तिला. फिजीत सुवाला असताना माझी एक सहकारी टोंगन होती. तिच्या धाकट्या मुलाला घरी सगळे एका नावाने हाक मारायचे आणि कागदोपत्री नाव भलतंच. कारण आत्याने दवाखान्यात फोन करून नाव सांगितलं, आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. आईला आवडलेलं नाव लाडाचं म्हणून उरलं.

भाऊ-बहीण हा प्रकार तर विचारूच नका. वयात आल्यावर जुन्या घरांत भाऊ बाहेरच्या झोपडीत झोपायला जात. आजही सख्खे भाऊबहीण एकत्र बसून सिनेमा बघणार नाहीत, न जाणो पडद्यावर काही चावट आलं तर! बहिणीसमोर पांचट बोलणाऱ्या भावाला बाकीचेच धरून बाहेर काढतात. भीती नाही ही, आदर. फाकाआपाआपा असा मोठा लांबलचक शब्द आहे त्याला.

आपल्याकडे भाऊ बहिणीचं रक्षण वगैरे करतो. तिथे बहीण मुळातच वर, रक्षणाची भाषाच नाही.

निवृत्त मास्तर

एक अवांतर, पण राहवत नाही. तुम्ही 'न्गातू' लिहिलंत. तो उच्चार 'ङातू' आहे. 'टोंगा'सुद्धा खरं म्हणजे 'तोङा'. आपल्या बाराखडीत क-ख-ग-घ नंतर हे अक्षर मुकाट्याने बसलेलं असतं, वाङ्मय सोडलं तर त्याला कुणी विचारत नाही. त्याची खरी रोजीरोटी पॅसिफिकात आहे. तिकडे शब्द त्यानेच सुरू होतात.

तोङा म्हणजे दक्षिण. मुख्य बेट तोङातापू, म्हणजे पवित्र दक्षिण. यातला 'तापू' ओळखीचा वाटतो का? टॅबू हा शब्द इंग्रजांनी इथूनच उचलला, 1777 साली कॅप्टन कुकने.

आणखी एक गंमत. त्यांच्या भाषेत दर्जाप्रमाणे क्रियापदं बदलतात. साधा माणूस जेवला तर 'काई', सरदार जेवला तर 'इलो', राजा जेवला तर 'ताउमाफा'. जाणं तसंच: तुम्हीआम्ही 'आलू', सरदार 'मेआ', राजा 'हाएले'. आपला विठोबा जसा जेवत नाही, आरोगतो, तसंच हे. फरक एवढाच की तिथे हे जिवंत माणसांसाठी, बातम्यांतसुद्धा.

पडवीतला बाक

मास्तर, धन्यवाद. यापुढे ङातू. (कळफलकावर ङ शोधायला पाच मिनिटं लागली.)

खारा वारा

व्यापारी जहाजांवर असताना नुकुआलोफा या टोंगाच्या राजधानीच्या बंदराला तीनदा लागलो आहे, त्यामुळे हा विषय जवळचा. जरा लांबण लावतो.

सुरुवात साधारण 2800 वर्षांपूर्वीची. तोङातापूवर नुकुलेका नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथे लापिता लोकांची, म्हणजे पॉलिनेशियनांच्या पूर्वजांची, दातेरी नक्षीची मडकी सापडली. पॉलिनेशियातली ही सगळ्यात जुन्या वस्त्यांपैकी एक. पुढे सामोआ, ताहिती, हवाई, न्यूझीलंड हा सगळा पसारा याच पट्ट्यातून पुढे गेला.

राजघराण्याची गोष्ट ऐका. आकाशातला देव तांगालोआ खाली उतरला, इलाहेवा नावाच्या बाईपासून त्याला मुलगा झाला, आहोएइतू. पोरगा मोठा झाला आणि बापाला भेटायला एका अजस्र तोआच्या झाडावरून आकाशात चढला. हे तोआ म्हणजे आपलं सुरू. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरायला लावलेलं, वाऱ्यात सूं सूं करणारं तेच. वर त्याचे सावत्र भाऊ होते, अस्सल देवाचे पोरगे. त्यांना हा देखणा पाहुणा खपला नाही. त्यांनी त्याला मारून खाल्लं. बापाला संशय आला, त्याने लाकडी परात मागवली, एकेकाच्या घशात बोटं घालून ओकायला लावलं, त्यात हाडं आणि मुंडकं टाकलं, पाणी ओतलं, पानांनी झाकलं. सकाळी पोरगा परातीत उठून बसला. निकाल असा: खाली जाऊन राज्य करायचं ते आहोएइतूने, आणि खाणाऱ्या भावांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची चाकरी करायची. हा पहिला तूई तोङा, म्हणजे तोङाचा राजा, सुमारे इ. स. 950.

बाकसाहेब, तुमचा मुद्दा इथेच आहे बघा. थोरले, देवाचे शुद्ध वंशज, ते चाकर. धाकटा, माणसाच्या पोटचा, तो राजा. राज्याची पहिली गोष्टच कोण वर कोण खाली याची.

अकरावा तूई तोङा तुइतातुई याने साधारण 1200 च्या सुमारास बेटाच्या पूर्व टोकाला तीन दगडांची कमान उभारली, हाआमोंगा आ माउई. प्रवाळाचा चुनखडक, पाच मीटर उंच, एकेक खांब तीस-चाळीस टनांचा. सांगतात की दोन खांब म्हणजे त्याचे दोन मुलगे आणि वरची तुळई म्हणजे त्यांनी भांडू नये म्हणून घातलेला बांध. मी गेलो तेव्हा तिथे एक म्हातारी शंखशिंपल्यांच्या माळा विकत होती आणि कमानीला दोरी बांधून तिची नात झोके घेत होती. आमच्या एजंटाने तिला दटावलं. म्हातारीने एजंटालाच फैलावर घेतलं.

पुढचा भाग मराठी माणसाला पटकन कळेल. 1470 च्या आसपास ताकालाउआ नावाच्या तूई तोङाचा खून झाला. त्याच्या मुलाने मारेकऱ्यांचा बेटाबेटांतून पाठलाग केला, पार दूरच्या उवेआ बेटापर्यंत, सूड घेतला, आणि मग राज्यकारभार धाकट्या भावाला देऊन टाकला. स्वतः फक्त पवित्र राजा उरला. म्हणजे साताऱ्याला छत्रपती, पुण्याला पेशवे. मग 1600 नंतर त्या पेशव्यांतूनही तिसरी गादी निघाली, तूई कानोकुपोलू, आणि हळूहळू खरी सत्ता तिकडे सरकली. आजचे राजे याच तिसऱ्या गादीचे. मूळ तूई तोङाची गादी 1865 ला लाउफिलितोङा वारला तेव्हा संपली.

निळी शाई

खारा वारा, छान लिहिलंत, पण बहिणी कुठे गेल्या? तुमच्या गोष्टीत सगळे बापलेक आणि भाऊच.

तूई तोङाच्या वर कोणी असेल तर ती त्याची बहीण, तूई तोङा फेफिने. तिची मुलगी तामाहा, ती त्याहून वर, सगळ्या राज्यात सगळ्यात वर. मग प्रश्न येतो, या बाईचं लग्न कुणाशी लावायचं? देशातल्या सरदाराशी लावलं तर त्या सरदाराची मुलं राजापेक्षा वरचढ होणार, उद्या गादीवर हक्क सांगणार. म्हणून शोधून काढला जावई परदेशी. मूळच्या फिजियन वंशाचं घराणं, फाले फिसी, म्हणजेच फिजीचं घर. मुलं दर्जाने कितीही उंच झाली तरी बाप बाहेरचा, त्यामुळे राज्य मागता येत नाही. मान अमाप, सत्ता शून्य.

हीच खोच पुढे कायद्यात आली आणि मला ती फार बोचते. धाग्यात सगळे आत्याचं कौतुक करतायत म्हणून लिहिते. टोंगात जमीन विकता येत नाही, परक्याला तर मुळीच नाही. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक *पुरुषाला* शेतीसाठी सव्वाआठ एकरांचा तुकडा आणि गावात घराची जागा मिळायचा हक्क कायद्याने दिला. बहिणीला नाही. विधवेला नवऱ्याची जमीन हयातीपुरती मिळते, तीही पुन्हा लग्न केलं किंवा परपुरुषाशी संबंध सिद्ध झाला तर जाते. म्हणजे जिच्या पायाशी भाऊ मान खाली घालतो, तिच्या नावावर पाय ठेवायला जागा नाही.

आणि हे काही प्राचीन नाही. ख्रिस्ती मिशनरी आणि त्यांचे सल्ले घेणारा राजा यांनी एकोणिसाव्या शतकात बसवलेलं आहे.

टवाळ टोळ

पण ताई, अख्ख्या पॅसिफिकात कुणाचा गुलाम न झालेला हा एकच देश! त्याचं काही?

निळी शाई

टोळभाऊ, त्याचं आहेच. पण अर्धं.

श्रेय द्यायचं तर ताउफाआहाऊला. हाआपाई बेटांचा लढवय्या सरदार. 1831 ला बाप्तिस्मा घेतला आणि इंग्लंडच्या राजाचं नाव उचललं: जॉर्ज, त्यांच्या उच्चारात सिआओसी. बायको शार्लट, म्हणजे सालोते. लढाया आणि धर्म दोन्हींच्या जोरावर सगळी बेटं एका छत्राखाली आणली, 1845 ला गादीवर बसला. 1839 पासून एकेक कायदा लिहून काढत गेला. 1862 ला सरदारांच्या वेठीतून रयत सोडवली. जूनची चार तारीख आजही सुट्टी असते. 4 नोव्हेंबर 1875 ला लेखी संविधान दिलं. 1850 च्या कायद्यातच परक्यांना जमीन विकायला बंदी होती. सिडनीला गेला असताना रस्त्यावर झोपलेले गोरे लोक बघून त्याने विचारलं, यांना घर का नाही? उत्तर मिळालं, जमीन दुसऱ्यांची आहे. अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, शहाणपणाची आहे.

दुसरा अर्धा भाग. त्याचा पंतप्रधान शर्ली बेकर हा मुळात मिशनरी. त्याने 1885 ला राजाला स्वतःचं वेगळं चर्च काढायला लावलं, आणि जे जुन्या चर्चला चिकटून राहिले त्यांना मारहाण झाली, कित्येक फिजीला हद्दपार झाले. 1887 मध्ये बेकरवर गोळीबार झाला, त्याबद्दल सहाजणांना मृत्युदंड. 1890 ला इंग्रजांनीच बेकरला उचलून बाहेर काढला. म्हातारा राजा 1893 ला नव्वदी उलटून गेला, आणि 1900 साली त्याच्या पणतूने इंग्रजांशी मैत्रीचा करार केला. मैत्री म्हणजे परराष्ट्र व्यवहार त्यांच्याकडे. तो पडदा 4 जून 1970 ला उठला. राजा, जमीन, भाषा शाबूत राहिली हे मोठंच. पण "कुणाचा कधी हात लागला नाही" असं म्हणू नये.

शिवाय सामोआवाल्यांना विचारा. टोंगनांना हाकलून लावलं हीच त्यांच्या मालिएतोआ या मोठ्या पदवीची जन्मकथा आहे. टोंगा स्वतःच साम्राज्य होतं.

खारा वारा

बहिणींबद्दलची चूक मान्य. दंडवत.

त्याची भरपाई म्हणून कुकचा किस्सा. 1777 मध्ये तो आला तेव्हा फिनाऊ नावाच्या रुबाबदार सरदाराने मीच राजा म्हणून त्याचा पाहुणचार केला. मग एक प्रचंड लठ्ठ गृहस्थ आला, पाउलाहो, तो म्हणे मी राजा. तो खरा तूई तोङा होता. फिनाऊ त्याच्यासमोर जेवूसुद्धा शकेना. कुकला वाटलं झालं, आता कोडं सुटलं. तर एक दिवस हा लठ्ठ राजाच एका बाईपुढे वाकून तिच्या पायाला हात लावतोय! बिचाऱ्याच्या वहीत नुसता गोंधळ.

त्याच मुक्कामात मुआ या गावी इनासीचा उत्सव होता. बेटाबेटांतून पहिल्या कोनफळांचा नजराणा तूई तोङापुढे येई. परक्याला आत जायचं तर रीत पाळावी लागणार. कुक केस मोकळे सोडून, कमरेच्या वर उघडा होऊन रांगेत जाऊन बसला. त्याच्याच एका अधिकाऱ्याला ते अजिबात आवडलं नाही. मला मात्र कुकचं हे वागणं आवडतं.

त्याने बेटांना नाव दिलं मित्रांची बेटं. गंमत अशी की लिफुका बेटावर नाचगाण्याच्या रात्री त्यालाच मारायचा बेत ठरला होता, सरदारांचं वेळेवर एकमत झालं नाही म्हणून तो वाचला. हे कळलं विल्यम मरिनर या इंग्रज पोराकडून. 1806 ला त्याचं जहाज त्याच लिफुकाला लुटलं गेलं, बहुतेक खलाशी मारले गेले, याला फिनाऊ घराण्याच्याच सरदाराने मुलगा मानून चार वर्षं ठेवून घेतलं. त्या काळच्या टोंगाबद्दल आज जे कळतं त्यातलं बरंचसं या पोराच्या आठवणीतलं.

अळूचं फदफदं

इतका वेळ गप्प होते. राजे झाले, कायदे झाले, आता खाण्याचं बोला. गॅरेजमध्ये तो कंद सोलत होता तो कुठला? आणि पानांचं काय करतात?

पडवीतला बाक

तुमच्या नावाचाच कंद! तालो, म्हणजे अळकुडी, पण ही नारळाएवढी. पानांचं लू करतात. तळहातावर पाच-सहा पानं एकावर एक, मोठं बाहेर, लहान आत. मधे खारवलेलं मांस, कांदा, आणि नारळाचं घट्ट पहिलं दूध. पुडी बांधून पूर्वी केळीच्या पानात, आता चांदीच्या कागदात. मग उमूत. अंगणात खड्डा, त्यात तापलेले दगड, वर पुड्या, कंद, कोनफळ, कसावा, वर पानं आणि गोणपाटं, वर माती. रविवारी सकाळी लावायचं, चर्चहून येईपर्यंत तयार. रविवारी टोंगात दुकानं बंद, काम बंद, हे संविधानातच लिहिलंय, त्यामुळे जेवून झोपणे हा एकच कार्यक्रम उरतो.

आम्ही शाकाहारी म्हणून आमच्यासाठी नुसता कांदा आणि नारळाचं दूध घालून दोन पुड्या वेगळ्या करतात. उघडल्यावर पान लोण्यासारखं. नीरफणसही असतो, भाजलेला. आजोळची आठवण येते.

अळूचं फदफदं

आणि खाजत नाही? चिंच नाही, आमसूल नाही!

पडवीतला बाक

मीही हेच विचारलं. ते म्हणाले, खाजतं कारण तुम्हाला घाई असते. दोन-तीन तास मातीखाली राहिलं की खाज उरत नाही. एकदा बायकोने अळूवड्या दिल्या होत्या. घरातल्या आजींनी एक खाल्ली आणि म्हणाल्या, छान आहे, पण नारळ विसरलात.

ओसरीवरची

कावा राहिला! फिजीत यंगोना म्हणतात तोच. विड्याचं पान, काळी मिरी यांच्याच कुळातलं झुडूप. मुळाची पूड पाण्यात कालवून गाळायची, दिसायला गढूळ, जीभ बधिर होते, डोकं शांत. त्याची टोंगन गोष्ट अंगावर येते. राजा एका लहान बेटावर उतरला, दुष्काळ होता, फेवांगा आणि फेफाफा या नवराबायकोकडे वाढायला काही नाही. त्यांनी आपली महारोगी मुलगी कावाओनाऊ, तिलाच मारून उमूत घातलं. राजाला कळलं, तो न खाता निघून गेला. मुलीला पुरलं तिथे डोक्याशी एक झुडूप उगवलं, पायाशी दुसरं. एका उंदराने डोक्याकडचं कुरतडलं, झिंगला, पायाकडचं खाल्लं, ताळ्यावर आला. पहिलं कावा, दुसरं ऊस.

राज्याभिषेकालाही हेच पेय. वाटी कुणाच्या हातात कितव्या नंबरला जाते, त्यावर सगळ्यांचे डोळे.

टवाळ टोळ

रग्बीचं एक वाक्य टाकून पळतो. 2011 च्या विश्वचषकात यांनी फ्रान्सला 19-14 हरवलं होतं. लाखभर लोकांचा देश! त्याच फ्रान्सने पुढे अंतिम सामना गाठला.

निवृत्त मास्तर

लाखभर देशात. बाहेर त्याहून जास्त: ऑकलंड, सिडनी, अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी. घरी येणारा पैसा हाच मोठा आधार. आपल्याकडे मुंबईच्या मनीऑर्डरवर कोकण चालायचं, तसं.

बाकसाहेब, 2022 च्या ज्वालामुखीच्या वेळी तुमचे शेजारी तिथेच होते का?

पडवीतला बाक

शेजारी इथेच होते, आजी तिकडे एउआ बेटावर गेल्या होत्या.

15 जानेवारी 2022, शनिवारची संध्याकाळ. हुंगा टोंगा–हुंगा हाआपाई फुटला. राख 57 किलोमीटर वर गेली, हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आली. आम्हाला ऑकलंडला दोन हजार किलोमीटरवर बसून लांब तोफ उडाल्यासारखं ऐकू आलं. मग त्सुनामी. आणि मग काहीच नाही. फिजीला जोडणारी समुद्रतळाची तार तुटली, फोन नाही, इंटरनेट नाही. ती दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले. पहिले काही दिवस हा माणूस रात्री अंगणात उभा राहायचा, फोन हातात, बोलायचा नाही. मग पिंपं आली. निळी प्लास्टिकची दोनशे लिटरची पिंपं. त्यांत तांदूळ, पीठ, डबे, पाणी भरून स्टेडियमवरच्या कंटेनरांत द्यायची. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने एकेक भरलं. आम्ही तूरडाळ घातली. आजी नंतर म्हणाल्या, ती पिवळी डाळ कुणी पाठवली होती, शिजता शिजेना.

एउआचं नाव आलंच आहे तर तेही सांगतो, कारण आजींचं माहेर तिथल्या कोलोमाइले गावचं. त्या गावचे लोक मूळचे एउआचे नाहीत. दक्षिणेला 'आता' नावाचं एकाकी कड्यांचं बेट आहे. 1863 ला एक टास्मानियन व्हेलशिकारी जहाज आलं, व्यापाराच्या नावाखाली लोकांना जहाजावर बोलावलं आणि दारं लावली. दीडशेच्या घरात माणसं पळवली, जवळजवळ निम्मं गाव. कुणी परत आलं नाही. राजाने उरलेल्यांना तिथून उचलून एउआला वसवलं आणि 'आता' बेट ओस पडलं.

त्याच ओस बेटावर 1965 मध्ये नुकुआलोफातल्या शाळेची सहा मुलं वादळाने जाऊन पडली. कंटाळून, एक होडी चोरून निघाली होती. पंधरा महिने राहिली. जुन्या वस्तीतल्या रानटी झालेल्या कोंबड्या आणि केळी यांवर जगली, विस्तव एकदाही विझू दिला नाही. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी काठ्या बांधून नीट जुळवला. 1966 ला पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन माणसाच्या मासेमारी बोटीला दिसली. घरी त्यांचे अंत्यविधी उरकून झाले होते. आणि किनाऱ्यावर उतरल्यावर होडीच्या मालकाने केलेल्या तक्रारीवरून पोलिसांनी त्यांना आधी आत टाकलं!

आजी हे सांगताना हसतात. पहिली गोष्ट सांगताना हसत नाहीत. त्यांच्या घरात पळवलेल्या दोघांची नावं अजून मुलांना ठेवतात.

खारा वारा

यावर काय लिहावं सुचत नाही. ही दुसरी गोष्ट मला माहीत होती, पहिली नव्हती.

ओसरीवरची

बाक, एक राहिलंच. मामाच्या मयताहून आलेल्या त्या ङातूच्या गुंडाळीचं काय करतात? अंथरतात? भिंतीला लावतात?

पडवीतला बाक

वापरत फारसे नाहीत, फिरवतात. लग्नात, मयताला, राजाच्या पुढ्यात. तुतीच्या कुळातल्या झाडाची आतली साल सोलायची, भिजवून लाकडी ठोकळ्याने ओंडक्यावर बडवून रुंद करायची, बायका दोन्ही बाजूंनी बसून ते तुकडे खळीने जोडतात आणि खाली नक्षीचे ठसे ठेवून तपकिरी रंग चोळतात. आपली वल्कलं, पण पुराणातली नव्हेत, आजची. पन्नास खणांचं एक लाउनिमा, वीस मीटरहून लांब. त्याच्या गॅरेजमध्ये ती गुंडाळी फ्रीझरच्या मागे उभी होती, छतापर्यंत. मी रोज बघायचो.

तुमचा प्रश्न वाचून आज कुंपणावरून विचारलं. म्हणाला, ती आता नाही. गेल्या आठवड्यात भाची आली, बहिणीची मुलगी, टेम्पो घेऊन. गुंडाळी उचलली आणि गेली. तिच्या नणंदेचं लग्न आहे.

मी म्हटलं, तुला विचारलंही नाही?

तो म्हणाला, "मी मामाला कुठे विचारलं होतं?"